विहीर कुठं खोदायची

गोरेगावाच्या वरच्या अंगाला, माळावर, नीलाबाईचा तांडा. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांची ही लेकरं आता कापूस-ज्वारीत रमली होती, पण पाणी अजून बायांच्याच डोक्यावरून येई. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. दोन हजार चार साली सरकारी योजनेतून तांड्याला विहीर मंजूर झाली. विहीर एकच. ती कोरडी गेली, तर झिरा पाचवीला पुजलेला.

पाणी समितीची अध्यक्ष होती नीलाबाई. आणि तिचा सासरा हरिचंद म्हणजे सगळ्या मुलखात नावाजलेला पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो रान चालायचा. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. या खेपेला नारळ देवळामागं उभा राहिला. भूजल खात्याच्या साहेबांनी सळया रोवून, यंत्र लावून जागा काढली ती मात्र खाली, ओढ्याकडं.

ग्रामसभा देवळापुढं बसली. बाया एका अंगाला, ओढणी नाकापर्यंत. सासऱ्याशी सुनेनं थेट बोलायचं नाही, ही तांड्याची रीत. म्हणून नीलाबाई साहेबांकडं तोंड करूनच बोलत होती.

"साहेब, तुमच्या जागेला पानी लागंलच का?"

साहेब म्हणाले, "खात्री नाही देता येत, बाई. शक्यता जास्त आहे."

हशा पिकला. "मंग मशीन कशाला आणली? जीपला ओझं?" जगन नाईक म्हणाला. तो तांड्याचा मुखिया. त्याच्या शब्दाबाहेर आजवर कुणाचा हात वर गेला नव्हता.

नीलाबाईनं तोंड साहेबांकडंच ठेवलं. "साहेब, मामांना इचारा, नारळ चुकला तर?"

"नारळ चुकत न्हाई," हरिचंद परस्पर बोलला. "पानी न लागलं तर ते खणणाऱ्याचं नशीब."

माना डोलल्या.

"अन् तुमी चुकले तर, साहेब?"

"तर चूक माझी. म्हणून आधी बोअर मारून पाहू. कोरडं निघालं तर तिथं विहीर खोदायचीच नाही. हरिचंदकाकांच्या जागेवरही मारू."

हरिचंद ताडकन उठला. "माझ्या नारळाची परीक्षा? देवाची कुनी परीक्षा घेतंय व्हय!"

नीलाबाई मनात तोलू लागली. इकडं न चुकणारा सासरा, तिकडं चुकू शकणारा परका माणूस. पण परक्याची चूक वीतभर रुंदीच्या भोकात मावणार होती. सासऱ्याची चूक अख्खी विहीर गिळणार होती. आज संध्याकाळी त्याच सासऱ्याला भाकर वाढायची होती.

"साहेबांच्या जागेला बोअर. पटंल त्यानं हात वर करा," ती म्हणाली, आणि पहिला हात तिनंच वर केला.

कुणी हललं नाही. मग बायांमधून केशरबाई कुरकुरत उठली. "झिऱ्यावर नशीब येऊन बसतंय काय उकराया? मीच बसते!" तिच्यामागं बांगड्या खळखळल्या, एकेक हात वर आला. जगन ओरडला, "बायांनी ठरवायचं का आता?" ग्रामसेवकानं हात मोजले. ठराव झाला.

बोअर कोरडं गेलं. पांढरा धुरळा उडत राहिला. हरिचंद लांब उभा राहून बघत होता.

"झाली हौस?" जगननं विचारलं.

"विहीर तर न्हाई ना खणली," नीलाबाई म्हणाली. तिनं तिथंच, उन्हात, लोकांना बसवलं. चूक कुठं झाली ते साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, दुसरी जागा दाखवली, अजून खाली. पुन्हा हात वर झाले. या खेपेला कमी, पण पुरेसे.

दुसऱ्या भोकातून आधी धुरळा आला, मग ओली माती, मग गढूळ पाणी उसळलं. बाया ओरडल्या. नीलाबाई साहेबांकडं वळली.

"साहेब, उन्हाळ्यात टिकंल का?"

"आत्ता सांगता येत नाही. दर महिन्याला पातळी मोजावी लागेल."

"मंग मोजायचं कसं, ते आमाला दाखवून जा," ती म्हणाली, आणि जीपच्या वाटेत उभी राहिली.