तुळसा पोचली का?

सकाळी फोन वाजला तेव्हा मी आंघोळीचं पाणी काढत होतो. फोनवर 'कमलताई' हे नाव दिसलं आणि मला हायसं वाटलं. आदल्या संध्याकाळपासून माझा जीव टांगणीला लागला होता. इतक्या सकाळी कुणाला फोन करणं बरं दिसत नाही म्हणून मी घड्याळाकडे बघत थांबलो होतो. आता त्यांचाच आला म्हटल्यावर मी 'हॅलो'सुद्धा म्हणालो नाही. "ताई, पोचली का ती?" एवढंच विचारलं. पलीकडून ताईंचे यजमान, आमचे अण्णा, म्हणाले, "दिगंबर, कमल गेली रे. पहाटं छातीत कळ आली, अन् दवाखान्यात नेईस्तोवर संपलंच सगळं." या गोष्टीला काही आठवडे झाले.

कमलताईंच्या कथा-कादंबऱ्या या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक आहेत. त्यांच्यावर लिहायला माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो आणि सिडकोत ताईंच्या समोरच्या घरात राहतो. माझ्या अंगी गुण म्हणावा असा एकच, मी पक्का काळजीखोर आहे. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन ते ओढून बघतो. गाडी दुपारची असली तर सकाळीच स्टेशनात जाऊन बसतो. बायको म्हणते, यांना काळजी करायला काही नसलं की यांना त्याचीच काळजी लागते. सगळी गल्ली माझ्या या स्वभावाला हसायची. ताईंनी मात्र तो कामाला लावला.

सुरुवात अगदी सहज झाली. एकदा संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा घेताना त्यांनी मारुती नावाच्या माणसाची गोष्ट काढली. भावाच्या सर्टिफिकेटवर तो कारखान्यात लागला होता, भावाच्याच नावानं हजेरी लावत होता, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याला कागद घेऊन ऑफिसात बोलावलं होतं. इथपर्यंत सांगून ताई कुकर लावायला उठल्या. मी घरी आलो, जेवलो, पण घास उतरेना. आमच्याच कारखान्यातलं कुणीतरी असणार असं मला वाटत राहिलं. सकाळी न राहवून फोन केला, "ताई, त्या मारुतीचं काय झालं हो?" पलीकडून त्या इतक्या खळखळून हसल्या की मी रागावलो. "कुणी मारुती नाय रे बाबा. मी त्याला काल दुपारी केला. पण तुझा फोन आला ना, मंग आता तो व्हईल."

त्यानंतर ती पद्धतच पडली. नवं माणूस मनात आलं की ताई ते आधी माझ्या पुढ्यात आणून ठेवायच्या, ऐन अडचणीत सोडायच्या आणि उठून जायच्या. सकाळी माझा फोन आला तरच त्या लिहायला बसायच्या, तोवर कागदावर एक ओळ नाही. आणि मी कितीही गयावया केली, पुढं काय झालं म्हणून विचारलं, तरी उत्तर ठरलेलं, "बघू." एकदा त्यांनी एक हेडमास्तर आणला. निर्व्यसनी, परोपकारी, बदली झाली तरी हसत जाणारा. मी रात्री छान झोपलो. दुपारी त्यांचाच फोन आला, "का रे, आज फोन नाय?" मी म्हणालो, "कशाबद्दल?" आणि लगेच मला वाईट वाटलं, म्हणून म्हणालो, "चांगला माणूस होता हो तो." "चांगला होता तर मंग त्याची काळजी का नाय वाटली तुला?" त्या म्हणाल्या. "त्याला स्वतःलाच कशाची धास्ती नव्हती, दिगंबर. तुला कुठून यील?" हेडमास्तर तिथंच संपला.

हे त्या कुठून शिकल्या, असं मी एकदा विचारलं. ताईंचं माहेर पाचोडच्या बाजूचं, घरी मेंढरं. संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना वडील तोंडाशी उभे राहायचे. मोजायचे नाहीत, नुसतं बघायचे, आणि मध्येच म्हणायचे, "ती कानफाटी कुठंय?" मग घरात कुणाच्या तोंडात घास जायचा नाही. "आम्ही भावंडं कंदील घेऊन वाटंला बसायचो," ताई म्हणाल्या. "जिची वाट बघत बसलो, ती मेंढी मला अजून डोळ्यापुढं दिसती. बाकीची सगळी नुसती मेंढरं."

आणखी एक दिवस आठवतो. एका कादंबरीतल्या बाईला सवतीसाठी साडी घ्यायची होती, ती कोणती घेईल हे ताईंना कळेना. म्हणून आम्ही गुलमंडीच्या बाजारात निघालो. रिक्षात मी सवयीनं विचारलं, "ताई, गॅस बंद केला ना?" "माझा हात विसरत नाय," त्या म्हणाल्या, "तू तुझं बघ." दुकानात त्यांनी साड्यांचा ढीग उपसायला लावला. प्रत्येक पदर हातावर घेऊन त्या कुठंतरी दूर बघत होत्या. दुकानदार शेवटी मला म्हणाला, "चाचा, अम्मा को लेना क्या है, इत्ता तो बताव." मला घाम फुटला. अचानक त्यांनी एक उंची जांभळी साडी बाजूला काढली, "हीच घेईल ती. हलकी घेतली तर लोकं म्हणतील जळती. भारी घेईल, अन् घरी जाऊन रडंल." असं म्हणून त्या काहीही न घेता बाहेर पडल्या. शरमेनं मीच दोन टॉवेल घेतले, ते अजून वापरतो आहे.

शेवटची भेटही त्यांच्या ओट्यावरचीच. त्या दिवशी त्यांनी तुळसा आणली. तुळसा पाचोडच्या बाजाराला आलेली. घरी म्हातारी सासू, तिला कशाचंच भान राहिलेलं नाही, उठून कुठंही चालू लागते. म्हणून तुळसानं तिला आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. वस्ती लांब, शेजार नाही. बाजारात उशीर झाला, शेवटची जीप भरून गेली. आता दिवस कलतोय, ती फाट्यावर उभी आहे, कुणी गाडी थांबवत नाही, आणि तिला एकदम आठवलं, चुलीतल्या विस्तवावर राख ओढली होती का? "ओढली होती का हो?" मी विचारलं. "तेच तर तिला आठवंना," ताई म्हणाल्या आणि उठल्या. उठताना त्यांनी छातीवर हात दाबला, दाराला धरून श्वास घेतला. मी म्हणालो, "ताई, हे बरं नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा, मी येतो बरोबर." त्या हसल्या. "बघू," म्हणाल्या.

त्यांना पोचवायला गेलो तेव्हाही माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लोक ताईंबद्दल बोलत होते आणि मला मधूनच ते कुलूप दिसत होतं. सकाळचा माझा फोन व्हायचा राहिला, म्हणजे ताईंनी लिहायलाही घेतलं नसणार. तुळसा कुठल्या कागदावर नाही. ती फक्त माझ्याजवळ आहे, फाट्यावर उभी, आणि आत म्हातारी... हे सांगायचं तरी कुणाला? घरात बोललो असतो तर मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

परवा दुपारी अण्णांकडे गेलो होतो. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायकोची एक ओळ त्यांनी कधी वाचली नाही. 'खोट्या माणसांचं काय वाचायचं,' असं ते तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ताई हसायच्या. चहा झाला. मग त्यांनीच विषय काढला, "दिगंबर, त्या दिवशी फोन उचलल्याबरोबर तू म्हणालास, पोचली का. कोण रे?" मी ओशाळलो. पण सांगितलं सगळं, बाजार, जीप, कनवटीची किल्ली, विस्तव. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "कुलूप साधंच असंल ना, तुटण्यासारखं?" मी म्हणालो, साधंच असेल. ते उठून आत गेले, मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्यावर नाव, कमलताई. मी ते बदललेलं नाही, बदलवत नाही. फोन उचलला.

"दिगंबर, ती बाई पोचली का रे?" अण्णांचा आवाज रात्रभर जागल्यासारखा होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू, अण्णा."

"बघू म्हणू नको," अण्णा एकदम म्हणाले. "कमल बी हेच म्हणत राहिली."

मी खुर्ची ओढून बसलो. मग मीच विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय वाटतं... तिनं निघताना विस्तवावर राख ओढली असेल?"

"ओढली असंलच की," अण्णा म्हणाले. "कमल कधी विसरली नाय."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही.