नारखेडे सरांचा शोध आणि माझे व्याख्यान

खडोलीच्या सूत कारखान्यात पेटंटच्या कामासाठी मी रुजू झालो, तेव्हा श्री. वासुदेव नारखेडे सरांनी पहिल्या दिवशी मला कागदांना हात लावू दिला नाही. यंत्रापाशी उभे करून तुटलेली सुते जोडायला लावली. "तुटतं कुठं ते बोटांना कळू द्या, मग लिहा," म्हणाले. पुढे त्याच तुटण्यावर त्यांनी उपाय शोधला. सूत ज्या चिनीमातीच्या छिद्रातून जाते, त्या 'डोळ्या'ला त्यांनी निराळा उतार दिला.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त त्यांच्या मोठेपणाविषयी लिहायचे, तर मला माझ्या चुकीविषयीच लिहावे लागते.

परदेशी पेटंटचे नियम मी इतरांना शिकवतो. भारतात अर्ज केल्यावर बारा महिन्यांत परदेशी अर्ज केला, तर पहिलीच तारीख धरली जाते. पेटंट मिळाल्यावरही ते टिकवण्यासाठी प्रत्येक देशाच्या मुदतीप्रमाणे शुल्क भरत राहावे लागते. पण या सगळ्याआधीची अट म्हणजे अर्जापूर्वी शोध जगापुढे आलेला नसावा. अमेरिका यात वर्षभराची सवलत देते. युरोप देत नाही. हे सारे पाठ असलेल्या मी, अर्ज दाखल होण्याच्या नऊ दिवस आधी, आमलीतल्या उद्योजकांच्या मेळाव्यात त्या डोळ्याचे चित्र कोनासकट पडद्यावर दाखवून रंगून समजावले. विषय होता, 'आपला शोध कसा जपावा'.

युरोपच्या परीक्षकांनी मेळाव्याच्या संकेतस्थळावरचे तेच चित्र आमच्यापुढे ठेवले आणि अर्ज फेटाळला.

"काय मास्तर, तास झकास झाला तुमचा. पार युरोपापर्यंत ऐकू गेला!" सर म्हणाले.

संचालकांनी बैठकीत विचारले, "चित्र बाहेर कुणी दाखवलं?"

"माझ्याकडून गेलं," सर उत्तरले. मी शेजारीच बसलो होतो, आणि गप्प राहिलो. संशोधन विभागाचे प्रमुखपद त्या वर्षी सरांकडे यायचे होते. ते दुसऱ्याकडे गेले. माझी नोकरी राहिली.

नंतर टोकरखाड्याला त्यांच्या घरी जाऊन मी कारण विचारले. "शिकवणारा माणूस एकदा धास्तावला की पुन्हा तोंड उघडत नाही राव. चहा घ्या," एवढेच उत्तर मिळाले. त्यांनी घरीही दोष स्वतःवरच घेतला होता, हे मला परवा वहिनींच्या बोलण्यातून कळले.

वहिनी, ते चित्र मी दाखवले होते. संचालकहो, मीच.

सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो. हा मजकूर छापल्याबद्दल मला चारचौघांत खडसावण्याइतका त्यांचा आवाज पुढेही असाच खणखणीत राहो.