विनाकारण थांबा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा रविवार, १९५८. जागा: आमच्या घरापुढचं अंगण, नरडाणा स्टेशनवरून बैलगाडीने येण्याच्या वाटेवर. हजर: महिला मंडळाच्या फेर धरणाऱ्या सगळ्या बाया, माझ्या चुलत सासूबाई, माझ्या नणंद अक्का, आणि चिटणीस म्हणून मी. न बोलावता हजर: अक्कांचे यजमान, म्हणजे माझे नंदोई, सोबत एक फळी, लाल-निळ्या पेन्सिली आणि खिशातलं घड्याळ. गैरहजर: कोणी नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या दिवशीचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

माझ्या नंदोईंइतका संताप आणणारा माणूस भुसावळ जंक्शनातून आजवर गेलेला नाही, आणि तिथून अर्धा हिंदुस्थान जातो. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. कानाला फोन लावून खंडव्याकडच्या गाड्या हलवायच्या, कोणती कुठे थांबवायची, कोणती पुढे काढायची, हे त्यांचं काम. गाडी विनाकारण थांबलेली त्यांना चालत नसे. थांबली की कागदावर कारण लिहायचं. हा नियम त्यांनी ऑफिसातच ठेवला असता तर माझी तक्रार नव्हती. तो त्यांनी घरीही आणला. दूध उशिरा आलं, कारण काय? म्हैस. पाहुणे जेवायला उशिरा बसले, कारण काय? पाहुणे. आमच्याकडे एकदा जेवायला आले असताना दुसरी भाकर ताटात पडायला जरा वेळ लागला, तर चुलीपर्यंत प्रश्न आला, ‘वहिनी, कारण?’ मी म्हटलं, ‘माझी मर्जी.’ त्यांनी शांतपणे खिशातला चिठोरा काढला आणि लिहून घेतलं. पुढच्या खेपेला भाकर वेळेवर वाढली तेव्हा म्हणाले, ‘आज मर्जी राईट टाइम आहे.’ अशा माणसावर रागावून उपयोग नसतो हे मला कळतं. मी तरीही रागावते. तो माझा नियम आहे.

नाचाचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका बॅलेमुळे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईची एक मंडळी भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये खेळ करून गेली. शब्द नाही, संवाद नाही, नुसती नाचून सांगितलेली गोष्ट. सगळे लोक राजकन्येकडे बघत होते. नंदोई बघत होते ते वेगळंच: डावीकडून आलेल्या मुली आणि उजवीकडून आलेल्या मुली एकाच जागेतून, एकाच वेळी पार होतात आणि कोणी कोणावर आदळत नाही. खेळ संपल्याबरोबर ते पडद्यामागे गेले आणि नाच बसवणाऱ्या गृहस्थांकडे त्यांनी चार्ट मागितला. गृहस्थ हसून म्हणाले, सगळं माझ्या डोक्यात आहे. त्यावर नंदोई म्हणाले, ‘आणि तुम्ही उद्या मेलात, तर या मुलींनी जायचं कुठून?’ त्यांना तिथून दंडाला धरून बाहेर काढण्यात आलं. बाहेर काढण्याचं कारण त्यांनी लिहून ठेवलं आहे: ‘प्रश्न बरोबर.’

रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन गार्डाच्या बाई लहान मुलींना पायांच्या बोटांवर उभं राहायला शिकवत असत. त्यांच्याकडून नंदोईंना कळलं की विलायतेत नाचसुद्धा गाण्यासारखा रेघांवर लिहितात. झालं. ती लिपी त्यांना कोणी शिकवली नाही, म्हणून त्यांनी आपल्या कामातलीच घेतली. कंट्रोलचा चार्ट म्हणजे मोठा कागद. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी चालली की रेघ चढते किंवा उतरते, थांबली की आडवी सरळ जाते, दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग. नंदोईंनी स्टेशनांच्या जागी रंगमंचाचे कोपरे लिहिले आणि गाड्यांच्या जागी माणसं. मी कितीही चिडले तरी कबूल करते, कागद दिसायला फार सुरेख होई. गार्डाच्या बाईंनी मात्र तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘बाबूजी, इसमें हाथ कहाँ हैं?’ नंदोईंनी सांगितलं की हातांचा विभाग वेगळा आहे, तो अजून मंजूर झालेला नाही.

मग त्यांनी स्वतःच एक बॅले बसवला, इन्स्टिट्यूटच्या संमेलनासाठी, पार्सल ऑफिसातले कारकून घेऊन. प्रत्येकाला ताकीद होती की ‘लाईन क्लिअर’ मिळाल्याशिवाय रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही. ती द्यायचं काम ज्याच्याकडे होतं तो दारावरच्या माणसाशी भांडायला बाहेर गेला. नायक विंगेत उभा राहिला. पेटी वाजत राहिली, पडदा उघडा, रंगमंच रिकामा, आणि समोर सगळं भुसावळ. लोक शिट्ट्या मारायला लागले तरी नायक हलला नाही. नंदोई त्याच्यावर इतके खूश झाले की त्यांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. स्वयंपाक अर्थात अक्कांनी केला.

आता मूळ रागाकडे येते. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. दिवाळीला आली नाही तर चालेल, लग्नाकार्याला येऊन गेली तरी ते वेगळं. आखाजीचा झोका, आखाजीचं गाणं आणि आखाजीचा फेर हा लेकीचा हक्क. अक्का लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन आखाज्या आल्या, पुढे आल्या नाहीत. सुरतेकडची पॅसेंजर भुसावळहून सुटते आणि नरडाण्याला थांबते, मध्ये बदलायचीही गरज नाही. पास फुकट. पण उन्हाळ्यात गाड्यांना गर्दी, नंदोईंची ड्यूटी वेडीवाकडी, आणि डबा अक्कांच्या हातच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचाच लागे. ‘पुढच्या साली बघू,’ असं दरसाल उत्तर. परक्यांच्या गाड्या मिनिटाला मिनिट लावून पोचवणारा माणूस, स्वतःच्या घरचं एक माणूस एवढ्याशा वाटेवर पोचवू शकला नाही. मी माझ्या सासूबाईंना आखाजीच्या दिवशी वाटेकडे तोंड करून बसलेलं पाहिलं आहे. त्या गेल्या त्या सालीही तशाच बसल्या होत्या.

आणि १९५८ साली अक्का आल्या. कशासाठी, तर तालुक्याच्या समितीने आमच्या गावचा फेर धुळ्याच्या कार्यक्रमासाठी पाहायचं ठरवलं आणि सोबत नाचाचा लेखी आराखडा मागितला. ही गोष्ट मी अक्कांना कळवायची चूक केली. नंदोईंनी ताबडतोब रजा टाकली. बायकोच्या माहेरपणासाठी जी रजा कधी निघाली नाही, ती कागदासाठी निघाली. बैलगाडीतून आधी फळी उतरली, मग पेन्सिलींचा डबा, मग अक्का.

त्यांनी अंगणाची स्टेशनं केली: तुळस, ओटा, निंब, फाटक. प्रत्येक बाईची एक निळी रेघ. अक्कांची मात्र लाल; मेल गाडीला लाल देतात, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. अक्का लाजल्या. मी नाही विरघळले.

फेर सुरू झाला. गाणं संपत आलं की आमच्या गावात एक थांबा असतो. फेरात एक जागा मोकळी सोडतात, सगळ्या स्टेशनच्या वाटेकडे वळतात आणि एक कडवं होईल इतका वेळ नुसत्या उभ्या राहतात. मग पुन्हा पावलं सुरू. त्या दिवशीही सवयीने जागा सुटली, आणि अक्का जिथे मोकळं दिसलं तिथे जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्या वाटेकडे बघत थांबल्या. नंदोईंनी पेन्सिल उचलली.

‘गाडी का थांबली?’

जावयाला काय सांगणार? एकीने सांगितलं, पदर नीट करायला. दुसरी म्हणाली, दम खायला. नंदोईंनी पुन्हा फेर धरायला लावला, घड्याळ लावून, आणि पदर कोणाचाच सुटला नव्हता, दमही कोणाला लागला नव्हता हे दाखवून दिलं. मग निर्णय सांगितला: हा थांबा विनाकारण आहे, समितीला तो चालणार नाही, मी काढून टाकतो. आणि खरंच रबर घेऊन रेघ पुसायला लागले.

तेव्हा ओट्यावर बसलेल्या चुलत सासूबाई उठल्या. त्यांना रेल्वेही ठाऊक नाही आणि बॅलेही. त्या फळीपाशी आल्या.

‘जवाईबुवा, ती जागा अक्कानी शे. तुम्ही तिले धाडं नही, म्हनीसन आम्ही दरसाल थांबतस.’

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्या लेकीला सासरच्यांनी आखाजीला पाठवलं नाही, तिची जागा फेरात मोकळी ठेवायची आणि तिच्या वाटेकडे बघून थांबायचं. गावात एखाद्या साली कोणी येत नाही, एखाद्या साली दुसरी कोणी. अक्कांची जागा मात्र कायमची होऊन बसली होती. नव्या सुनांना तर कोणासाठी थांबतो हेही विचारावं लागत नसे. आणि आज ज्यांच्यासाठी थांबायचं त्या अक्काच त्या जागेवर उभ्या होत्या, तरी पाय सवयीने थांबले होते. म्हणजे हिशेबाने नंदोई बरोबर होते. त्या एका सालापुरता तो थांबा विनाकारणच होता.

अक्का तशाच त्या जागेवर उभ्या. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘लिहा ना. तुम्हाला कारण लागतं ना?’

आवाज चढा नव्हता. मी इतकी वर्षं मनात जेवढं बोलून ठेवलं होतं, ते सगळं त्यापुढे ओरडाआरडा वाटलं.

नंदोईंनी रबर खाली ठेवलं. थांब्याची रेघ पुन्हा काढली, सगळ्यांच्या निळ्या आणि मधली एक लाल, आडव्या, सरळ, पट्टी न लावता. मग कारणाच्या रकान्यापाशी पेन्सिल आली आणि तिथेच राहिली. जन्मात एकही रकाना रिकामा न सोडलेल्या माणसाने पेन्सिल माझ्यापुढे धरली. म्हणाले, ‘वहिनी, हे तुम्ही लिहा.’

मी म्हटलं, ‘तुमचं अक्षर चांगलं आहे.’ आणि पेन्सिल घेतली नाही.

आराखडा तसाच गेला आणि समितीने तसाच परत केला: थांब्याचं कारण नमूद नाही. नंदोई स्वतः तालुक्याला गेले, कारकुनाच्या टेबलावर कागद पसरला आणि ठणकावून सांगितलं की थांबा मंजूर आहे, कारण तपासाधीन आहे. कारकुनाला ही भाषा समजली नाही. थांबा गाळा, मग पाहू, असं तो म्हणाला. त्याला नंदोई जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही, पण ऐकून मला बरं वाटलं. आमचा फेर धुळ्याला गेला नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या मुली टिपऱ्या घेऊन गेल्या. त्या समितीवरचा माझा राग वेगळ्या यादीत आहे.

पुढच्या साली अक्का आखाजीच्या आधीच चांगल्या आठवडाभर आल्या. यंदाही आल्या. नंदोई स्वतः त्यांना घेऊन येतात. कळण्याची भाकर आता त्यांना स्वतःला येते. ती कशी होते याबद्दल अक्का काही बोलत नाहीत. यंदा फेरातली मोकळी जागा चुलत सासूबाईंच्या नातीची होती. तिला नवसारीकडे दिली आहे, सासरच्यांनी पाठवलं नाही. थांबा आला, बाया वळल्या. नंदोई फाटकापाशी उभे होते. त्यांनी घड्याळ काढलं, न बघताच परत खिशात ठेवलं आणि तेही स्टेशनच्या वाटेकडे बघत राहिले. बायांची पावलं पुन्हा सुरू झाली तरी ते तसेच उभे होते. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, ‘वहिनी, तो रकाना भरला का?’

तो कागद माझ्या पेटीत आहे. खरं कारण लिहावं तर ते त्यांचंच नाव होईल, आणि कागदावरचं कायम राहतं. दुसरं काही लिहावं तर खोटं होईल. शिवाय कारण दरसाल बदलतं. एकीचं लिहिलं तर बाकीच्या सुटतात. पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे. १९६० सालच्या माझ्या कामांच्या यादीत बाकी सगळ्यांवर रेघ मारली गेली. हे एवढंच राहिलं आहे.