राखणदाराला दिलेलं तोंड

आठवीत शाळा सोडली आणि धाराशिवकडून इतक्या लांब महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला आलो. पाळी सुटली की खोलीवर चित्रकथा काढायचो. भाड्याचे पैसे घालून पहिल्या पुस्तकाच्या साठ प्रती छापल्या. घरमालकीण म्हणाली, "दे रे सावकाश." तिचे उपकार आजही आहेत. पण महाडात दोन महिन्यांत चारसुद्धा प्रती खपल्या नाहीत. आई फोनवर म्हणायची, ये परत. मी ठरवलं, उरलेल्या खपल्या नाहीत तर चित्रं बंद आणि घरी जायचं.

पुस्तकातली गोष्ट आंबेनळी घाटाच्या अंगाच्या एका वाडीची, तिथल्याच जोडीदाराने कंपनीत सांगितलेली. वाडीच्या वेशीवर दगड आहे, तो राखणदार, गावाभोवती फिरतो. चेहरा कुणाचा काढू सुचेना, म्हणून आरशात बघून माझाच काढला.

उरलेल्या प्रती पोलादपूरला चहाच्या टपरीवर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्या मावशीचा फोन आला. "सगळी नेली रे. वाडीची माणसं हुती, रोख दिलं."

भाडं फिटलं, पुढच्या पुस्तकाचा कागदही आला. आभार मानायला सुट्टीच्या दिवशी वाडीवर गेलो. वाटेत मोळी घेऊन येणारी एक बाई मला बघून थांबली. मोळी उतरवली, डोक्यावर पदर घेतला, बाजूला झाली. कुत्री उठून उभी राहिली, भुंकली नाहीत. एक म्हातारे बाबा काही न विचारता मला वेशीवर घेऊन गेले.

दगडापाशी माझी पुस्तकं रचून ठेवली होती. प्लास्टिकात गुंडाळलेली, वर कुंकू.

"वाचली नाहीत कुणी?"

"एकानं उघडलं, तेवढं पुरं झालं. आमच्या राखणदाराला तोंड नाय. कुणी देत नाय. तू दिलंस. आता ते घरात ठेववत नाय, जाळवत नाय. मग वाडीनं वर्गणी काढली."

"चुकलं बाबा. पैसे हळूहळू परत करतो."

"पैसं ठेव. दरसाल राखणीचा नारळ फुटतो, तेव्हा येत जा."

"किती वर्षं?"

ते हसले. "तोंड तुझं हाय. मला काय इचारतोस?"

दुसरं पुस्तक त्याच पैशांतून निघालं. त्यात राखणदार पाठमोरा आहे. ते थोडंथोडं खपतं, तिसऱ्याची जुळवाजुळव चालू आहे. वर्षाची रजा राखणीला जाते, त्यामुळे आईकडे जाणं राहूनच जातं. वाडीवर मला पोटभर जेवायला घालतात. इतकं प्रेम परक्या मुलखात कुणाला मिळतं?

यंदा ती मोळीवाली बाई पानात भात वाढताना खाली बघूनच म्हणाली, "परवा सकाळी खळ्यात उभा हुतास. पेज दिली तर घेतली नाय ती?"

परवा सकाळी मी महाडला होतो, पहिल्या पाळीच्या बसमध्ये.

"घाई होती," मी म्हणालो.