भासऱ्याचे डोळे

जमनाबाईचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि तिनं घुंगट नाकाखाली ओढून घेतला. आता सांगा, नवऱ्याच्या पुतळ्यापुढं कोणी घुंगट घेतं का? तिचा लेक कुलदीप हसला. "याडी, अगं बापू हायेत ते."

तिलाही कळेना हात काहून गेला. जवळा बाजार गावात रामजी मूर्तिकाराच्या शेडमध्ये पाटावर ओल्या मातीचा धर्मसिंग बसला होता, छातीपर्यंतचा. दोन वर्षांपूर्वी गेलेला माणूस. कुलदीपला तांड्यावरच्या नव्या घरात बापाचा पुतळा ठेवायचा होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याहून जास्त हवा होता तो हिला. त्या घरात राहणार होती ती एकटीच. रामजीची रीत अशी, की घरच्यांनी आधी माती पसंत करायची, मगच साचा. एकदा साचा झाला की बोंबलून उपयोग नाही. साचा उद्या होता.

तिनं घुंगटाआडूनच बघायला सुरुवात केली. नजर मोठी पक्की बाईची. जन्मभर कशिदा भरलेला, एक टाका चुकला तरी तिला सलायचा. नाक बराबर. कानाची फाटकी पाळी बराबर. हनुवटीवरचा व्रणसुद्धा. मग ती डोळ्यांपाशी आली. ते डोळे तिला ओळखत होते.

"हे तर रामसिंग भासरे हायेत," ती म्हणाली.

रामसिंग म्हणजे धर्मसिंगचा थोरला भाऊ. मरून अकरा वर्षं झाली. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, आणि हा बाबा तर सदा ओसरीवर ठाण मांडून. घुंगट बोटभर सरकला की खाकरायचा. त्या खाकरण्यानं चुलीपुढं तिच्या हातातली भाकर तुटायची. तीस वर्षं ती त्या नजरेखाली वावरली.

कुलदीप खाली बघत सांगायला लागला. बापाचा धड फोटोच नव्हता. आधार कार्डावर नुसता काळा ठिपका. होता तो तिरडीवरचा, डोळे मिटलेला. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर डोळे उघडून दिले. त्यासाठी दुसऱ्याचे लावावे लागतात, म्हणून यानं काकाचा फोटो नेऊन दिला होता.

"सख्खे भाऊच की, याडी. काय फरक पडतो?"

फरक म्हणे! हा शहाणा उद्या पुण्याला निघून जाणार. मेलेला भासरा बैठकीत बसणार, आणि ही म्हातारी स्वतःच्याच घरात मरेपर्यंत घुंगटात.

"बदलतो की, मावशी," रामजी म्हणाला. "कसे होते मालकाचे डोळे? तुमी सांगा, मी करतो."

जमनाबाई आठवायला लागली. मोठे होते? बारीक? चारचौघांत नवऱ्याकडं बघायची सोय नव्हती, रात्री अंधार. कापडाआडून त्याचे पाय दिसायचे, फार तर हात. भासरा मेला तोवर खाली बघायची सवय हाडीमाशी खिळली होती. चाळीस वर्षांचा संसार, आणि बाईला नवऱ्याचे डोळे ठाऊक नाहीत. तिला स्वतःचीच भीती वाटली. डोळे भरून बघितला होता तो फक्त दुपारचा, बाजेवर झोपलेला.

"मिटवा," ती म्हणाली.

"मढं वाटंल, मावशी. लोक नावं ठेवतील."

"ठेवू द्या. मला मिटलेलेच ठाऊक हायेत."

रामजीनं पापणीपुरती माती बोटावर घेतली. तिनं त्याचा हात अडवला. "आधी खालचे काढा, भाऊ."

"खाली मातीच हाय की."

"काढा म्हणते ना."

त्यानं कोरणीनं दोन्ही डोळे खरवडून काढले. मातीचे दोन गोळे पाटावर पडले, तर तिनं घाईनं त्यांवर ओलं फडकं टाकलं. चेहऱ्यात नुसत्या दोन खाचा राहिल्या. कुलदीपनं तोंड फिरवलं. ती बघत राहिली. मग रामजीनं पापण्या बसवल्या, आणि धर्मसिंग आला. जसाच्या तसा.

जमनाबाई पाटाजवळ सरकली.

"आवं," ती त्या मातीला म्हणाली, "आपण एकमेकांना कधी बघितलंच न्हाई की."