जिभेखालची गोळी

माझे वडील दोडामार्गाकडून गोव्यात पाळी गावच्या खाणीवर आले ते सुरुंग भरायच्या कामावर. स्फोटकांच्या कांड्या हाताळून त्यांचं डोकं ठणके. दोन-तीन दिवसांत ते थांबे, पण रविवारची सुटी झाली की सोमवारी पुन्हा सुरू. सगळ्यांचंच तसं होई. त्याला कुणी आजार म्हणत नसे.

गोवा घटकराज्य झाल्यावर काही वर्षांनी ते निवृत्त झाले. आम्ही डिचोलीजवळच्या मुळगाव या गावात राहत होतो, मी म्हापशाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. शेताची चढण चढताना त्यांची छाती आवळल्यासारखी होऊ लागली. डिचोलीच्या डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला गोळ्या दिल्या. पहिल्याच गोळीनं छाती मोकळी झाली, पण वडील डोकं धरून बसले.

"ही खाणीतलीच तकलीदुखी. डाक्टर माका सुरुंगाची दारू खावक घालता काय गो?"

मी बाटलीवरचं नाव वाचलं. कांड्यांत असे तेच द्रव्य, फक्त कणभर. मी तसं सांगितलं आणि त्यांनी बाटली फडताळात टाकली. पुढच्या वेळी छातीत दुखलं तेव्हा बांधावर घाम पुसत बसले, गोळी घेतली नाही. आई मला म्हणाली, "तूच सांग त्यांका."

सरांनी वर्गात नुकतंच एक नवं संशोधन सांगितलं होतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतं. तो क्षणभर टिकतो, तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सैल व्हायचा निरोप देतो आणि वाहिनी रुंदावते. गोळीतूनही तोच वायू मिळतो. हे मी वडिलांना सांगितलं.

"गॅस? आंगात?" सुरुंग उडाल्यावर पिवळा धूर विरेपर्यंत लांब थांबायचं, हेच त्यांना वायूबद्दल माहीत होतं.

"अगदी थोडा. डाळीतून, माशांतून मिळतं त्यापासून शरीर स्वतःच करतं."

"मगे माझ्या आंगान करूचो कित्या सोडल्यान?"

"सोडला नाही, कमी झाला. अस्तर खराब झालंय."

त्यांनी फडताळातली बाटली काढली. मग म्हणाले, "खिशात फुटूची नाय मगे?"

"नाही."

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ते एकदम थांबले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि स्वतःहून गोळी जिभेखाली ठेवली. मी शेजारी उभी राहिले. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. थोड्या वेळानं उठले आणि मिरच्यांचा भाव विचारू लागले.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. गेले ते तापानं.