अर्धी मेंढरं, अर्धा युरिया

आमच्या अख्ख्या गोतावळ्यात मोजायची लांब टेप एकट्या माझ्याकडे आहे, म्हणून हिंगोलीला जायचा मान मला मिळाला. मावशीच्या दोन्ही पोरांनी नदीकाठच्या गव्हाच्या रानाची वाटणी करायचं ठरवलं होतं. भांडणाचं कारण बायका नाहीत, बाटली नाही, खत! "टेप घेऊन ये रे सुध्या," म्हणताना मावशी फोनवरच रडायला लागली. रान वाटलं की चूलही वाटली जाणार, हे ती ओळखून होती.

पुण्याहून रात्रीची बस सकाळी हिंगोलीत सोडते. तिथून वाशिमकडची एसटी धरायची आणि कनेरगाव नाक्याला उतरायचं. हायवे झकास आहे; पुढे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल मी सभ्य माणूस असल्यामुळे काही लिहीत नाही. नाक्यावरच्या ढाब्यावर भाकरी, ठेचा आणि शेवभाजी मात्र खाऊनच निघा. पुण्यात तेवढ्या पैशांत पाण्याची बाटली आणि वेटरचं वाकडं तोंड मिळतं.

पैनगंगेकाठची ही जमीन रेताड. पाणी दिलं की झिरपून खाली, आणि पाण्यामागे खतही. थोरल्या नामदेवनं आपल्या अर्ध्या रानात पेरणीआधी मेंढरं बसवली होती. म्हणजे धनगराला धान्य द्यायचं आणि त्यानं रात्री कळप रानातच जाळी लावून कोंडायचा; लेंडीखत आपोआप जागेवर पडतं. धाकट्या बबननं आपल्या अर्ध्यात नुसता युरिया फेकला होता.

"पाह्यलं का दादा, याचा गहू अजून पाळन्यातच हाय," बबन मला म्हणाला.

"अन् याच्या गव्हाला कावीळ झाली, ते काहून सांगत न्हाई?" नामदेव म्हणाला.

दोघांचंही बरोबर होतं. नामदेवचं पीक बुटकं होतं. बबनचं आधी तरारलं आणि मग युरिया वाळूत उतरून गेल्यावर पिवळं पडलं. मी गंभीर चेहरा करून टेप उलगडली आणि खुंटी ठोकायला मधोमध गेलो, तर तिथला गहू माझ्या कमरेला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बैलगाडीच्या वाटेएवढा काळपट हिरवा पट्टा उभा होता!

"हे माह्या मेंढरांचं."

"हट्, माह्या युरियाचं."

शेजारच्या मोकळ्या रानात मेंढरं घेऊन पारूबाई उभी होती. नामदेवच्या रानात कळप तिनंच बसवला होता. तिला साक्षीला बोलावलं.

"जाळी जराशी पल्याड गेली व्हती बाप्पा," ती म्हणाली. "मेंढराला काय ठाव, तुमची वाटनी व्हऊन राहिली म्हनून?"

"माही मूठबी जरा अल्याड गेली असंल," बबन पुटपुटला.

म्हणजे एकमेकांच्या हद्दीत घुसखोरी झाली तेवढंच पीक आलं होतं. लेंडीनं वाळूत ओल आणि खत धरून ठेवलं, युरियानं पिकाला जोर दिला. हे दोघांनाही कळलं, पण बोलायचं कोणी? बोललं की दुसरा खरा ठरतो.

"खुंटी कुठं ठोकू?" मी विचारलं. नामदेवनं पट्ट्याच्या पलीकडे बोट दाखवलं, बबननं अलीकडे. पट्टा सोडायला कोणीच तयार होईना. दिवस मावळला तरी खुंटी माझ्या हातातच होती. जन्मात इतक्या आनंदानं मी कुठल्या कामात नापास झालो नसेन.

घरी येऊन टेप ओढली तर आतली वाळू करकरली. बायको म्हणाली, पुसून टाक. मी म्हटलं, राहू दे. परवा मावशीला फोन केला.

"मधे बांध घातला का गं?"

"न्हाई रे लेकरा. पुढल्या साली सगळ्याच रानाला दोनी द्याचं म्हन्तेत. आता मेंढरं जास्त का युरिया जास्त, याच्यावर भांडून राहिले."

"आत्ता?"

"आत्ताच. चुलीपुढं बसून. ठेव फोन, दोघायच्या ताटात भाकर वाढाची हाय."